घरच्या संगणकावर कोणता कंपायलर घ्यावा?

अकरावीचं किंवा एफवायचं वर्ष सुरू झालं की महिन्याभरात एक पेनड्राइव्ह वर्गात फिरायला लागतो. त्यात टर्बो सी प्लस प्लसची झिप फाइल असते, वरच्या वर्गातल्या कुणाकडून तरी आलेली, आणि सोबत तोंडी सूचना: ‘हीच टाक, लॅबमध्ये हीच आहे.’ सूचना अर्धीच बरोबर आहे. प्रॅक्टिकलची परीक्षा टर्बोवर होणार असेल, तर त्याच्याशी हात बसायला हवा. पण घरी बसून भाषा शिकायला, स्वतःचे प्रोग्राम लिहायला तोच एकमेव कंपायलर ठेवला, तर तीस वर्षांपूर्वीचं सी प्लस प्लस शिकून होतं आणि नंतर त्यातलं बरंच विसरावं लागतं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. विंडोज असेल आणि सुरुवात असेल, तर कोड ब्लॉक्स या एडिटरचं जीसीसी कंपायलरसकट येणारं पॅकेज घ्या. लिनक्स असेल तर जीसीसी, मॅक असेल तर ॲपलचा क्लँग. टर्बो ठेवायचाच असेल तर डॉसचे जुने प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये, जर्नल आणि परीक्षेपुरता. हे सगळं फुकट आहे, त्यामुळे किंमत हा मुद्दाच उरत नाही. उरतो तो तुमचा वेळ.

आधी टर्बोबद्दल, कारण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची पहिली गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. बोरलँड कंपनीने १९८३मध्ये टर्बो पास्कल आणलं, पन्नास डॉलरच्या आत. एडिटर आणि कंपायलर एकाच ठिकाणी, आणि वेग असा की त्या काळातल्या यंत्रांवर लोक चकित झाले. १९८७मध्ये टर्बो सी आलं, १९९०मध्ये टर्बो सी प्लस प्लस. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले, तेव्हा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ समोर ठेवून टर्बोच्या निळ्या स्क्रीनवर एक अख्खी पिढी सी शिकली. त्यातले काही आज प्राध्यापक आहेत. जर्नलमधले प्रोग्राम, प्रश्नपत्रिका, तोंडी परीक्षेचे प्रश्न, सगळं त्या स्क्रीनभोवती बसलेलं आहे. त्यामुळे टर्बो टिकून आहे, आणि यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. साधन आपल्या काळात उत्तम होतं, एवढंच.

अडचण अशी की सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८मध्ये ठरलं आणि लॅबमध्ये दिसणारी टर्बोची आवृत्ती त्याच्या आधीची आहे. पुस्तकातला प्रोग्राम नव्या कंपायलरमध्ये टाकला की पहिल्याच ओळीवर अडतो, आणि मूल म्हणतं, ‘हा कंपायलर बिघडलेला आहे.’ बिघडलेलं काही नसतं. चार दुरुस्त्या कराव्या लागतात. ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ या हेडरमधलं ‘डॉट एच’ काढायचं आणि खाली ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ ही ओळ घालायची. ‘व्हॉइड मेन’च्या जागी ‘इंट मेन’ लिहायचं. स्क्रीन पुसणारं ‘सीएलआरएससीआर’ काढून टाकायचं. शेवटचं ‘गेटसीएच’ विंडोजवरच्या जीसीसीत चालतं, पण प्रमाण भाषेत ते नाही, म्हणून सवय सोडलेली बरी. एवढं केलं की बारावीच्या सी प्लस प्लसच्या जर्नलमधले बहुतेक प्रोग्राम चालायला लागतात.

याहून फसवा फरक आकड्यांचा आहे. टर्बो सोळा बिटांचे प्रोग्राम बनवतो, त्यामुळे त्यातला ‘इंट’ दोन बाइटचा असतो आणि ३२,७६७च्या पुढे जाऊ शकत नाही. फॅक्टोरियलचा प्रोग्राम करून बघा. सातचं उत्तर ५,०४० बरोबर येतं. आठचं यायला हवं ४०,३२०. टर्बो दाखवतो उणे २५,२१६. जीसीसी किंवा क्लँगमध्ये आजच्या घरच्या संगणकावर ‘इंट’ चार बाइटचा असतो, म्हणून तिथे बारापर्यंत उत्तर बरोबर येतं आणि तेराला गडबड होते. म्हणजे मर्यादा दोन्हीकडे आहे, पण टर्बोत ती पहिल्याच आठवड्यात आडवी येते आणि विद्यार्थ्याला आपलंच लॉजिक चुकलं असं वाटत राहतं. परीक्षेत ‘इंट किती बाइटचा?’ असं विचारलं, तर उत्तराला ‘सोळा बिटांच्या कंपायलरवर दोन’ अशी पुस्ती जोडा. गुण जाणार नाहीत आणि उत्तरही खरं राहील.

कॅम्पस मुलाखतींच्या तयारीची जुनी पुस्तकं हा तिसरा सापळा. ‘आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय, तर उत्तर काय?’ अशा प्रश्नांची त्यात रेलचेल असते आणि खाली एक ठाम आकडा छापलेला असतो. एकाच विधानात एकच चल असा दोनदा बदलला, तर काय व्हावं हे भाषेच्या प्रमाणाने ठरवून दिलेलंच नाही. टर्बो एक उत्तर देईल, जीसीसी दुसरं देईल, आणि दोघांपैकी कुणीही चूक नसेल. पुस्तकातलं उत्तर घरी जुळलं नाही म्हणून कंपायलर बदलू नका. असा प्रोग्राम लिहायचा नाही, एवढंच त्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

टर्बो तरीही लागणारच असेल, तर तो थेट टाकण्याची खटपट करू नका. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे प्रोग्राम चालतच नाहीत. विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटांतच येतं. ‘विंडोजसाठी टर्बो’ म्हणून जे फिरतं, ते आतून डॉसबॉक्समध्येच चाललेलं असतं. मग डॉसबॉक्स त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या आणि टर्बोचं फोल्डर कॉलेजकडून. अनोळखी संकेतस्थळावरच्या तयार इन्स्टॉलरमध्ये कंपायलरशिवाय आणखी काय भरलंय, ते सांगता येत नाही. आत गेल्यावर कंट्रोल आणि एफ९ने प्रोग्राम चालतो, आल्ट आणि एफ५ने आउटपुट दिसतं. फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागतं. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ१० दाबा, आणि स्क्रीन पूर्ण व्यापून बसली तर आल्ट आणि एंटर. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला ‘ग्राफिक्स डॉट एच’ लागतं. तेवढ्यासाठी मात्र टर्बोच सोयीचा, कारण ती लायब्ररी नव्या कंपायलरबरोबर येत नाही आणि बाहेरून जोडायची खटपट परीक्षेच्या आदल्या दिवशी करण्यासारखी नाही.

आता नव्या कंपायलरांकडे. नवशिक्याने वेग, फाइलचा आकार, कुठली नवी प्रमाणं चालतात याची तुलना करत बसू नये. त्या पातळीवर जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, तिन्ही गरजेपेक्षा फार पुढे आहेत. बघायचं ते एवढंच की चूक झाली की तो काय सांगतो. शिकणाऱ्याचे पहिले सहा महिने चुका वाचण्यात जातात, आणि कंपायलर बदलल्याचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच होतो.

उदाहरण घ्या. ‘स्कॅनएफ’मध्ये चलाच्या आधीचं अँपरसँड विसरणं ही नवशिक्याची हमखास चूक. टर्बो ती गपचूप स्वीकारतो. मग आकडा कुठेतरी भलत्याच जागी लिहिला जातो, कधी काहीच होत नाही, कधी शेवटी ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा त्रोटक संदेश येतो, कधी डॉसबॉक्सच लटकतो. जीसीसीला ‘वॉर्निंग ऑल’चा पर्याय दिलेला असेल, तर तो प्रोग्राम चालण्याआधीच ती ओळ दाखवून सांगतो की इथे पूर्णांकाचा पत्ता हवा होता, तुम्ही पूर्णांकच दिलात. ‘प्रिंटएफ’चं स्पेलिंग चुकलं तर तुम्हाला ‘प्रिंटएफ’ म्हणायचंय का, असं विचारतो. स्पष्ट संदेशांची ही चाल क्लँगने जोरात पुढे नेली, आणि जीसीसीनेही मग आपलं बोलणं बरंच सुधारलं. या स्पर्धेचा फायदा आपल्याला आयता मिळाला आहे.

‘वॉर्निंग ऑल’चा पर्याय मात्र आपणहून चालू करावा लागतो, आणि हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. आदेश टाइप करत असाल, तर उणे चिन्ह, त्याला चिकटून कॅपिटल डब्ल्यू आणि मग ‘ऑल’ असं लिहायचं. कोड ब्लॉक्समध्ये सेटिंग्जच्या मेनूत कंपायलर उघडलं की हाच पर्याय टिक करायला मिळतो. सोबत ‘एक्स्ट्रा’ वॉर्निंगचाही टिक करा. सूचनांच्या ओळी वाढतील, वाढू द्या.

जीसीसीची चौदावी आवृत्ती २०२४मध्ये आली आणि ती सीच्या बाबतीत आणखी कडक झाली. फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं किंवा ‘मेन’च्या आधी काहीच प्रकार लिहिला नाही, तर पूर्वी नुसती सूचना मिळायची, आता थेट नकार मिळतो. जुन्या पुस्तकातला नुसता ‘मेन’ असलेला प्रोग्राम म्हणूनच अडतो. पुस्तकातलं जसंच्या तसं टाइप करून अडलात, तर आधी एवढं तपासा.

विंडोजवर कोड ब्लॉक्स घेताना एकच गोष्ट जपायची. डाउनलोडच्या पानावर बऱ्याच फाइली असतात आणि त्यातल्या काहींत कंपायलर नसतोच. ज्या फाइलच्या नावात ‘मिंगडब्ल्यू’, म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी, आहे आणि शेवटी ‘सेटअप’ आहे, ती घ्या. दुसरी घेतलीत तर सगळं छान उघडेल आणि प्रोग्राम चालवताना ‘कंपायलर सापडला नाही’ असं म्हणेल. बंडलमधला जीसीसी थोडा जुना असू शकतो, शिकण्यापुरतं त्याने काही बिघडत नाही. डेव्ह सी प्लस प्लसही अनेक ठिकाणी दिसतं. हलकं आहे, वाईट नाही, पण त्याची २००५ची जुनी आवृत्ती अजून पेनड्राइव्हवर फिरत असते. घेणार असाल तर एम्बारकॅडेरोने पुढे चालवलेली शाखा घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ व्हीएस कोडचा. तो एडिटर आहे. सुंदर आहे, लोकप्रिय आहे, पण त्यात सीचा कंपायलर नाही. कंपायलर न टाकता नुसता व्हीएस कोड टाकणं म्हणजे मिक्सरचं भांडं घरी आणून मोटर दुकानातच ठेवणं. एक्स्टेन्शन टाकलं तरी तेवढ्याने कंपायलर येत नाही. त्यासाठी एमएसवायएस२ नावाचं पॅकेज टाका, त्याच्या खिडकीतून जीसीसी उतरवून घ्या, आणि मग त्याच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता विंडोजच्या ‘पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जोडा. पाथ बदलल्यावर उघडी असलेली काळी खिडकी आणि व्हीएस कोड दोन्ही बंद करून पुन्हा उघडायचे. नाहीतर ‘जीसीसी ओळखता आला नाही’ हेच रडगाणं चालू राहतं आणि माणूस पुन्हा पुन्हा सगळं काढून टाकत बसतो. या वाटेने मिळणारा जीसीसी ताजा असतो आणि पुढे अद्ययावतही ठेवता येतो. पण पहिल्याच आठवड्यात एवढं करायची गरज नाही.

मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ ही वेगळी वस्तू. नावं सारखी असली तरी व्हीएस कोडशी त्याची गल्लत करू नका. त्याची कम्युनिटी आवृत्ती २०१४पासून व्यक्तींना आणि विद्यार्थ्यांना मोफत आहे. त्याचा डीबगर फार चांगला. प्रोग्राम ओळीओळीने थांबवून चलांच्या किमती बघायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला तरी वाटत नाही. पण काही जीबींचं डाउनलोड आहे, आणि चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो धापा टाकतो. टाकताना ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस’ यावर खूण करायला विसरू नका, नाहीतर सी प्लस प्लसच येणार नाही. शिवाय सरळसाध्या ‘स्कॅनएफ’ला तो असुरक्षित म्हणून अडवतो आणि ‘सी ४९९६’ अशी त्रुटी दाखवतो. फंक्शन धोक्याचं आहे हे खरं, पण पहिल्याच प्रोग्रामला हे भाषण नको असतं. ॲरेचा आकार चलाने ठरवायची सी भाषेतली सोयही तो देत नाही. स्पर्धात्मक प्रोग्रामिंग करणारी मुलं ‘बिट्स’ फोल्डरमधली जी एकच मोठी हेडर वापरतात, तीही जीसीसीची आहे, इथे मिळणार नाही. विंडोजसाठीच सॉफ्टवेअर किंवा गेम बनवायचे असतील तर व्हिज्युअल स्टुडिओ घ्या. नाहीतर नको.

जुना, हळू झालेला संगणक घरात पडून असेल, तर त्यावर हलकं लिनक्स टाकणं हा माझ्या मते सर्वांत चांगला सौदा आहे. उबंटूवर ‘बिल्ड इसेन्शियल’ हे एकच पॅकेज टाकलं की सीचा, सी प्लस प्लसचा कंपायलर आणि ‘मेक’ सगळं येतं. एक छोटी अडचण हमखास भेटते: वर्गमूळ काढणारा प्रोग्राम ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडतो. आदेशाच्या शेवटी उणे चिन्ह, एल आणि एम लिहा, म्हणजे गणिताची लायब्ररी जोडली जाते. विंडोज सोडायचं नसेल, तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय आहे. आणि इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे छोटे धडे मराठीतही आहेत. ते उबंटूवर जीसीसी वापरूनच शिकवतात, त्यामुळे तेच आदेश तुमच्याकडेही चालतील.

मॅकवाल्यांना फारसं काही करावं लागत नाही. टर्मिनलमध्ये ‘जीसीसी’ टाइप केलं की कमांड लाइन टूल्स टाकू का, असं तोच विचारतो. हो म्हणा. अवाढव्य एक्सकोड घ्यायची गरज नाही. नाव जीसीसी दिसलं तरी आत क्लँग असतो. शिकणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

घरात संगणकच नसेल, तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून त्यात क्लँग घेता येतो. बोटं दुखतात, पण कंपायलर खराखुरा आहे. ब्राउझरमध्ये चालणारे ऑनलाइन कंपायलरही चालतील, मात्र काहींत इनपुट आधीच एका चौकटीत भरून ठेवावं लागतं, हे माहीत नसेल तर प्रोग्राम उगाच चुकीचा वाटतो.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट नडते. विंडोजमध्ये वापरकर्त्याचं नाव किंवा फोल्डर देवनागरीत असेल, किंवा नावात मोकळी जागा असेल, तर मिंगडब्ल्यूची साधनं कधी कधी गोंधळतात आणि संदेश भलताच देतात. सी ड्राइव्हवर थेट इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता एक फोल्डर करा आणि सगळे प्रोग्राम तिथे ठेवा. प्रोग्राम पुन्हा बनवताना ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर बहुधा आधीचा प्रोग्राम अजून मागे चालू असतो. त्याची खिडकी बंद करा. ते नसेल तर अँटिव्हायरसने नुकतीच बनलेली फाइल धरून ठेवली आहे का ते बघा.

प्रोग्रामच्या आत मराठी मजकूर मात्र बिनधास्त लिहा. टर्बोत ते शक्य नव्हतं. आता फाइल यूटीएफ-८मध्ये साठवली की चालतं. विंडोजच्या काळ्या खिडकीत अक्षरांऐवजी चौकोन किंवा कचरा दिसला, तर आउटपुट फाइलमध्ये लिहा आणि नोटपॅडमध्ये उघडा, नीट दिसेल. ‘मराठी’ या शब्दाची लांबी ‘एसटीआरलेन’ने मोजलीत, तर उत्तर पंधरा येईल. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि काना, वेलांटी यांचीही चिन्हं वेगळी मोजली जातात. अक्षरं उलटी करण्याचा जर्नलमधला प्रोग्राम आपल्या नावावर देवनागरीत चालवून बघितलात, तर हे लगेच कळेल.

सगळं बसवून झालं की ‘हॅलो वर्ल्ड’वर थांबू नका, तो कुठेही चालतो. अँपरसँड मुद्दाम गाळून ‘स्कॅनएफ’ लिहा आणि सूचना येते का बघा. नाही आली, तर वॉर्निंगचा पर्याय चालू झालेला नाही. मग तेराचं फॅक्टोरियल काढा: ‘इंट’मध्ये बहुधा १,९३२,०५३,५०४ असं साफ चुकलेलं उत्तर येईल, आणि ‘लाँग लाँग’ केलं की ६,२२७,०२०,८०० हे बरोबर. शेवटी पाच घरांच्या ॲरेत सहावं घर लिहून बघा. साधा कंपायलर बहुतेक वेळा काहीच बोलणार नाही. लिनक्स, मॅक किंवा नवा व्हिज्युअल स्टुडिओ असेल, तर हद्दीबाहेरचं लिहिणं पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर चालू करून तोच प्रोग्राम पुन्हा चालवा. चूक कोणत्या ओळीवर झाली ते तो सांगतो. कोड ब्लॉक्सच्या मिंगडब्ल्यूमध्ये ही सोय नाही. ती हवीशी वाटायला लागेल, तेव्हा डब्ल्यूएसएल टाका.